रकाना सात : खुलासा

मामलेदार साहेब,
आपला शेरा पोचला. लाल शाईत, तिरका :
‘दुणले’ म्हणजे काय? खुलासा करावा.

करते.

छापील फॉर्मवर शब्द आहे पुनर्लागवड.
तो मी खोडला नाही.
शेजारी बोटभर जागा होती, तिथं दुसरा लिहिला,
कारण आवेलिना कार्दोज माझ्यासमोर उभी होती,
घोट्यावर चिखल सुकत आलेला,
आणि म्हणत होती, तो शब्द सरकाराचो.
हांवें शेत दुणलां.

चोडणच्या या खाजनाचा बांध फुटला
तेव्हा तिची धाकटी पाळण्यात होती.
आता ती मडगावात नर्स आहे, रात्रपाळीला.
मधली सगळी वर्षं शेतात नदी राहिली,
भरतीला यायची, ओहोटीला जायची,
खंड न देणाऱ्या कुळासारखी.
एक-चौदाच्या उताऱ्यावर मात्र दर साल ‘पडीक’.
पडीक कसलं, साहेब?
कुर्ल्या होत्या, शेवटे होते,
बगळे एका पायावर उभे राहून
हद्दी मोजत होते.

मग पाच घरांनी मिळून बांध घातला.
मानशीला नवं दार बसलं.
आणि पहिली नांगरट झाली.
तिच्यात काही पेरलं नाही.
ढेकळं नुसती उलथून ठेवली
पावसानं मीठ धुऊन न्यावं म्हणून.
एक अख्खा पावसाळा
फक्त निघून जाणाऱ्यासाठी.
पुढच्या साली त्याच तासांत पुन्हा नांगर.
याला दुणणं म्हणतात.
पयली नांगरट मिठाची, आवेलिना म्हणाली,
दुसरी आमची.
फॉर्मवर तारखेला एकच चौकट आहे.
तिनं दुसरीच घालायला लावली.

आता वापर.
हा शब्द आपल्याला शाळेत भेटलेला आहे, बे दुणे चार.
आनंद दुणावतो असं निमंत्रणपत्रिकेत छापतात,
तापही दुणावतो, शक्यतो रविवारी,
दवाखाना बंद असताना.
पण तिथं काहीतरी दुप्पट होतं.
इथं दुप्पट काहीच नाही.
शेत तेवढंच, बाई तीच,
फक्त आता तिला ठाऊक आहे
पाणी कुठून आत येतं.

पुनर् म्हटलं की वाटतं,
होतं तसं परत झालं.
तसं झालेलं नाही.
जुनी मेर सापडली नाही, अंदाजानं घातली.
कोरगुटाचं बियाणं कुणाकडेच उरलं नव्हतं,
दिवाडीहून पायलीभर उसनं आणलं.
बैल नव्हते, तर भाड्याचा पॉवर टिलर
दोनदा रुतला,
आणि दोन्ही वेळा ज्यांनी ओढून काढला
त्यांची भांडणं कोर्टात आहेत.

आणखी एक वापर, तिचाच.
पास्कू गेल्यापासून आवेलिना
इगर्जीत गात नव्हती.
यंदा पुन्हा जाऊन उभी राहिली, मागच्या रांगेत.
पहिल्या रविवारी तोंड उघडलं
तर नुसती खरखर.
लाज नाही वाटली का, मी विचारलं.
कित्याक? मीठ तें, म्हणाली.
दुसऱ्या रविवारी गायली.

माझ्यापुरतं म्हणाल तर
हा खुलासाही मी दोनदा लिहिला.
पहिला फाडला.
त्यात आपल्या लाल शाईबद्दल
बरंच काही होतं.

सबब, रकाना सात आहे तसा ठेवावा.
जागा कमी पडत असल्यास
पुढच्या छपाईत रुंद करावा.

सोबत जोडले आहेत :
तांदूळ, एक ओंजळ, लालसर.
पुरावा म्हणून दाखल होत नसतील
तर शिजवावेत.